हिरा तपासायचं पेन, आठ महिन्यांनंतर: खडा सोडा, आधी बॅटरीचं बोलू

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आठ महिन्यांत पाच! पेन आपोआप बंद होत नाही. जेवायला गेलो, विसरलो, की संपलीच. उतरलेल्या बॅटरीवर टोक नीट तापत नाही, मग खऱ्या हिऱ्यालाही दिवे अर्ध्यावर अडकतात. पेन घेताना घासाघीस करून वाचवलेले पैसे केव्हाच बॅटऱ्यांत गेले.

पण लिहायला बसलो ते अंगठीमुळे. मागच्या आठवड्यात एक काकू आल्या, मुलानं पाठवलेली अंगठी घेऊन. पेन टेकवलं, दिवे सरसर वर चढले, बीप वाजला. "काकू, हिरा आहे," मी म्हणालो. मग भिंग लावलं तर खड्याच्या मागच्या कडा दोन-दोन दिसत होत्या. मॉयसेनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा! त्यांच्यासमोर शब्द मागे घेताना घाम फुटला.

विक्रेत्याला फोन केला. "पेन चांगलं आहे, वॉरंटीत बसत नाही." एकच तारा द्यायचं ठरवलं होतं.

मग डोकं शांत झालं. पेन खोटं बोललं नव्हतं. त्याला हिरा कळतच नाही. तापलेल्या टोकातली उष्णता खडा किती झटकन ओढतो, एवढंच कळतं. हिऱ्यातले अणू हलके, कार्बनचे, आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले. एकाची थरथर फारशी न अडखळता पुढे जाते. त्याची उष्णतावाहकता २००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तांब्याची ४००. मॉयसेनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, बांधणी हिऱ्याच्याच घराण्यातली, तेही जवळजवळ तांब्याच्या तोडीचं. अमेरिकन डायमंड मात्र २-३ वरच, म्हणून तिथे पेन एकदाही फसलं नाही. लॅबमधला हिरा कार्बनच, तो अर्थातच 'पास'.

आणि ज्यांच्या नावावरून मॉयसेनाइट, त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसाँनाही १८९३ साली ॲरिझोनाच्या उल्काविवरातल्या दगडात हे स्फटिक हिरेच वाटले होते. चूक उमगली १९०४ला. मला दहा मिनिटं लागली.

घेणाऱ्यांनी एवढं बघा: पंखा बंद ठेवा, टोक खड्यावर सरळ टेकवा, बारीक खडा पुन्हा तपासण्याआधी गार होऊ द्या. भिंग हाताशी हवंच.

तारे चार. पाचवा बॅटरीनं खाल्ला.