पहिली-दुसरीच्या पोरांसाठी झेरॉक्सचा कागद: चित्रकला वहीपेक्षा सरस

तालुक्याच्या स्टेशनरीत चित्रासाठी कागद मागितला की दुकानदार चित्रकला वही पुढे करतो. रंगवायला ती चांगलीच. पण एकच चित्र मुलाकडून तीन-चारदा सुधारून घ्यायचं असेल, तर झेरॉक्सचा 75 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-फोर कागद तिच्यापेक्षा कितीतरी कामाचा.

वहीत पान उलटलं की आधीचं चित्र गडप. पहिला नि तिसरा प्रयत्न जमिनीवर शेजारी-शेजारी मांडता आले तरच काय सुधारलं ते मुलाला दिसतं. शिवाय वहीचं पान मोलाचं, म्हणून पोरगं खोडरबर घासत बसतं आणि पहिला प्रयत्न पुसूनच टाकतं. सुट्या कागदावर खोडरबर द्यायचाच नाही, सरळ नवा कागद द्यायचा. रीम 500 कागदांची, साधारण 300 रुपयांची. वीस मुलं, प्रत्येकी चार कागद म्हणजे एका चित्राला 80. एका रीममध्ये सहा चित्रं होतात. कागद अर्धा फाडून बचत करू नका, लहान मुलांचा हात मोठा फिरतो.

या कागदाचा खरा गुण त्याच्या पातळपणात आहे. जुनं चित्र खाली ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं की रेषा वर दिसतात. जमलेला भाग तसाच उतरवायचा, फसलेला तेवढाच नव्याने काढायचा. जाड कागदात हे होत नाही, मग मूल सगळंच पुन्हा काढतं आणि आधी जमलेलंही बिघडवतं.

विषय समोर ठेवता येईल असाच घ्या. जुलैत पळस उत्तम (शिमग्याला नको, तेव्हा झाडावर फुलंच असतात). पळसाला पाने तीनच हे सगळ्यांना पाठ, पण मुलं तिन्ही आंब्याच्या पानासारखी काढतात. खरं पाहिलं तर मधलं टोकाकडे रुंद, बाजूची दोन तिरकी. इथे 'मस्त काढलं बे' म्हणून काही सुधारत नाही. 'मधल्या पानाचा रुंद भाग वर आहे का खाली, पाय बरं' असं म्हटलं की मूल पुन्हा पानाकडे बघतं. एका कागदाला एकच सूचना, तीही आधी आकाराची. शिरा पुढच्या कागदावर, रंग सगळ्यात शेवटी. अमेरिकी शिक्षक रॉन बर्गर पहिलीतल्या एका मुलाची फुलपाखराची सहा चित्रं दाखवतात, तिथेही वर्गमित्रांनी आधी आकारावर बोट ठेवलं, मग नक्षीवर. आणि मोठ्यांनी मुलाच्या कागदावर स्वतः रेघ ओढायची नाही. सुचवायचं तर पानावर बोट फिरवून दाखवा.

पेन्सिल 2बी. एचबी फिकट उमटते, मूल दाबून काढतं आणि हा कागद फाटतो. मेणाचे खडू पहिल्या तीन कागदांना देऊच नका. रंग हाती आला की आकाराचं कोण बघतो? ऑइल पेस्टल तर चैत्र-वैशाखात वर्गातच मऊ पडतात, बोटांना लागून कागदभर पसरतात.

उणिवाही आहेत. पाण्याचा रंग लागला की कागद सुरकुततो. पावसाळ्यात रीम उघडी राहिली तर ओल धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पंख्याखाली कागद उडतात, तेव्हा परीक्षेचं पॅड लागतंच. आणि प्रत्येक कागदावर नाव व क्रमांक मागच्या बाजूला आधीच घालून घ्या, नाहीतर चार दिवसांनी कुठलं चित्र आधीचं ते मुलालाही सांगता येत नाही. क्रमाने एका कोपऱ्यात दोरा ओवला की झालं.

भिंतीवर लावायचं शेवटचं चित्र रंगवायचं असेल तेवढ्यापुरतं चित्रकला वहीचं एक पान फाडा.