दीड लाखाचं एस्टिमेट आणि न बदललेला डिझेल फिल्टर

आधी आकडे सांगतो. शोरूमच्या वर्कशॉपने मला दिलेलं एस्टिमेट १,४२,६०० रुपयांचं होतं. त्याच्या महिनाभर आधी त्याच तक्रारीसाठी त्यांनी माझ्याकडून १४,८५० रुपये घेतले होते. आणि गाडी शेवटी बरी झाली ती २,४०० रुपयांत. पुढचं कुणी वाचलं नाही तरी एवढं लक्षात राहिलं तर पुष्कळ झालं.

आम्ही मलकापूरचे, शाहूवाडी तालुक्यातले. आईचं डायलिसिस कोल्हापूरला, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. सुरुवातीचे सहा महिने एसटीने केले. परत येताना ती इतकी गळून गेलेली असायची की स्टँडवरून घरापर्यंतचं अंतरही तिला झेपत नसे. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये बांबवड्याच्या एका निवृत्त गुरुजींकडून त्यांची २०१६ची डिझेल गाडी घेतली, ३,४०,००० रुपयांना. मीटर ७१,३०० वर होता. गुरुजींनी प्रत्येक कामाची पावती फाइलला लावून दिली होती. गाडी चांगली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला वारंवार असं पटवलं गेलं की जुनी गाडी घेतली हीच माझी चूक.

जून २०२५ मध्ये पावसाच्या तोंडावर गाडी खेचेनाशी झाली. सपाटीला ठीक, पण कोल्हापूरहून परतताना वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गियरमध्येही दम धरेना आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. मागे आई झोपलेली होती. दुसऱ्याच दिवशी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. माझं गणित साधं होतं: गल्लीतल्या गॅरेजपेक्षा कंपनीवाले जास्त पैसे घेतील, पण खरं सांगतील.

तिथल्या अ‍ॅडव्हायझरने पाच मिनिटांत जॉब कार्ड भरलं आणि सही मागितली. तक्रारीच्या रकान्यात 'पिकअप कमी' एवढंच होतं, खालची जागा कोरी. मी सही केली. संध्याकाळी बिल आलं: इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर ३,९००, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) क्लिनिंग ३,४००, डिझेल फिल्टर १,७६०, इंजेक्टर क्लिनर १,२५०, एसी डिसइन्फेक्टंट १,१००, इंजिन ड्रेसिंग ९५०, मजुरी २,४९०. इंजिन ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखाली चकाकी आणणारा फवारा, हे मला नंतर कळलं. गाडी खेचत नाही म्हणून गेलेल्या माणसाला तो कशासाठी मारला? तेव्हा मी विचारलं नाही. दिवा विझला होता, गाडी धुऊन पुसून दिली होती, मी खूश होतो.

दिवा फक्त स्कॅनरने, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्राने, पुसला होता. तीन आठवड्यांत तो परत लागला.

दुसऱ्या खेपेला बोलण्याचा सूरच वेगळा होता. गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. स्क्रीन माझ्याकडे फिरवून बिघाडाचा कोड दाखवला: पी००८७. "सर, रेलमध्ये प्रेशर बनत नाही. चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप, दोन्ही गेलेत." रेल म्हणजे पंपाकडून आलेलं डिझेल दाबाखाली इंजेक्टरना पुरवणारी नळी, आणि इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. छापील एस्टिमेट पुढे ठेवलं. सगळं मिळून, कर धरून, १,४२,६००. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे.

मी म्हटलं, एवढं कसं जाईल, गाडी अजून ऐंशी हजारच फिरलीय. त्यावर तो म्हणाला, "सर, सेकंडहँड गाडी. आधीच्या मालकाने कसलं डिझेल घातलं तुम्हाला काय माहीत? घेताना आमच्याकडे दाखवायला हवी होती." पहिल्या भेटीत गप्पांच्या ओघात मी डायलिसिसचं बोलून गेलो होतो. ते त्याने नेमकं लक्षात ठेवलं होतं. "आईंना घेऊन निघालात आणि रात्री घाटात गाडी बंद पडली तर? मी तुमच्या जागी असतो तर रिस्क घेतली नसती."

या वाक्याने मी हललो. खरोखर सांगतो, त्या क्षणी मी सोसायटीचं कर्ज किती निघेल याचा हिशोब मनात सुरू केला होता. कुणी तुमच्या घरातल्या आजारी माणसाचं नाव घेऊन पार्ट विकत असेल, तर तिथून लगेच उठा. तो माणूस यंत्राबद्दल बोलायचं थांबवून तुमच्या भीतीबद्दल बोलायला लागलेला असतो.

मी विचारलं, बाहेर एकदा दाखवू का? उत्तर आलं, "हे पार्ट बाहेर मिळतच नाहीत, आणि बाहेरच्या लोकांकडे आमचं सॉफ्टवेअर नाही." हेही खरं नव्हतं. इंजेक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, त्यांचे विक्रेते आणि दुरुस्ती केंद्रं कोल्हापुरातही आहेत. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोहोचू न देण्याच्या याच रीतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त "घरी विचारून सांगतो" म्हणालो, ३,५०० रुपये चेकिंग चार्ज भरला आणि गाडी बाहेर काढली.

घरी आईला आकडा सांगितला नाही. तिने चेहऱ्यावरून ओळखलं. "इक ती गाडी. मी जाईन एसटीनं," एवढंच म्हणाली आणि कुशीवर वळली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या डिझेल पंपाचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, ट्रॅक्टरवाले त्यांना मामा म्हणतात. एका ट्रॅक्टरवाल्या मित्राने तिकडे धाडलं. मामांनी एस्टिमेट वाचलं, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला, "इंजेक्टर टेस्ट केल्याचा कागुद दिलाय काय?"

नव्हता दिला. कुठलाच कागद नव्हता. नुसता कोड होता. पी००८७ हा कोड एवढंच सांगतो की रेलमध्ये डिझेलचा दाब हवा तेवढा होत नाही. का होत नाही, हे तो सांगत नाही. फिल्टर तुंबला तरी हाच कोड, टाकीकडून डिझेल कमी आलं तरी हाच, पंप झिजला तरी हाच, एखादा इंजेक्टर डिझेल परत सोडत असला तरी हाच. मामा म्हणाले, ताप आलाय म्हणून कुणी लगेच पोट फाडत नाही. आधी स्वस्तातलं तपासायचं, मग महागाकडे जायचं.

त्यांनी माझ्यासमोर चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढल्या आणि प्रत्येकीला एकेक पारदर्शक बाटली लावली. गाडी चालू ठेवली. एखादा इंजेक्टर झिजला असेल तर त्याची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते. माझ्या चारही बाटल्यांत डिझेल एका पातळीला, आणि तेही थोडंसंच. दहा मिनिटांचं काम. मग त्यांनी स्वतःचा स्कॅनर लावला. हो, त्यांच्याकडे स्कॅनर होता. आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी नुसती चालू असताना, दाब बरोबर, अडीचशे बारच्या आसपास. रेस दिली की इंजिन मागतंय एक आणि मिळतंय त्याच्या खूप खाली. म्हणजे बहुधा पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोहोचत नव्हतं.

"फिल्टर कधी बदललासा?"

"गेल्याच महिन्यात, शोरूमला. बिल आहे."

मामांनी फिल्टरचा डबा खोलून काढला, चिंधीने पुसला आणि माझ्या हातात दिला. त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलं होतं: ३/२४, ६८,४००.

मी तो आकडा दोनदा वाचला. मार्च २०२४, ६८,४०० किलोमीटर. गुरुजींच्या मेकॅनिकची सवय. गुरुजींच्या फाइलमध्ये त्याच तारखेची, त्याच किलोमीटरची पावती आहे. म्हणजे ज्या फिल्टरचे १,७६० रुपये मी जूनमध्ये मोजले, तो कधी गाडीला लागलाच नव्हता. मामांनी जुना फिल्टर एका बरणीत उलटा केला. आधी पाणी आलं, मग काळा चिकट गाळ. त्याच्या तोंडाचा रबरी पाइपही तडकला होता. नवा फिल्टर १,४५०, पाइप आणि क्लिप ३५०, मजुरी ६००. परत स्कॅनर लावला, मागणी आणि दाब एकमेकांच्या हातात हात घालून वर गेले. संध्याकाळी वाघबीळ मी तिसऱ्या गियरमध्ये चढलो. आजपर्यंत दिवा परत लागलेला नाही.

आता माझा जो राग आहे तो नीट मांडतो. फिल्टर चुकून राहिला असेल, हे एक वेळ मी मान्य करेन. पण मग दुसऱ्या खेपेला गाडी दोन दिवस तिथे उभी होती. दाब कमी आहे म्हटल्यावर कुठलाही शिकाऊ मुलगासुद्धा आधी फिल्टर खोलतो. तो खोलला असता तर जूनची चोरी उघडी पडली असती. म्हणून एक तर त्यांनी काहीच तपासलं नाही, किंवा तपासलं आणि गप्प बसले. दोन्हीत एस्टिमेट खोटंच.

मी फिल्टर, दोन्ही बिलं आणि गुरुजींची पावती घेऊन वर्कशॉप मॅनेजरकडे गेलो. आधी "टेक्निशियन नवीन आहे" झालं, मग "हा फिल्टर तुमच्याच गाडीचा कशावरून?" झालं. मी वाद घातला नाही. लेखी तक्रार दिली, प्रतीवर पोच घेतली आणि त्याच दुपारी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. एकोणिसाव्या दिवशी कंपनीच्या कार्यालयातून फोन आला आणि फिल्टरचे १,७६० व चेकिंगचे ३,५०० खात्यात जमा झाले. बाकीची कामं 'झालेली आहेत' असं त्यांचं म्हणणं. माफीचा एक शब्द नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्या चुकांवरून एवढं करा. जॉब कार्डवर सही करण्याआधी कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा आणि 'माझ्या फोनवरच्या संमतीशिवाय काम करू नये, बदललेला प्रत्येक पार्ट परत द्यावा' असं स्वतःच्या हाताने लिहा. गाडी देण्याआधी बॉनेट उघडून फिल्टर, बॅटरी, पट्टे यांचे फोटो काढा, आणि शक्य असेल तर कोपऱ्यात मार्करने खूण करा. माझ्याकडे पुरावा उरला तो दुसऱ्या कुणाच्या खुणेमुळे. मोठं एस्टिमेट आलं की एकच प्रश्न विचारा: हा पार्ट गेलाय हे कुठल्या टेस्टने ठरवलं, त्याचा रिपोर्ट द्या. इंजेक्टरचा रिपोर्ट बेंचवर, म्हणजे पार्ट काढून तपासायच्या यंत्रावर, निघतो, पंपाचाही निघतो. रिपोर्ट नसेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजाला कुणी दीड लाख मोजू नयेत. चेकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, पण गाडी बाहेर काढा आणि नुसतं डिझेलचंच काम करणाऱ्या माणसाला दाखवा. आणि घरची अडचण काउंटरवर बोलू नका. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माणसाने माणसाशी बोलायचं नाही तर काय करायचं. पण बोलू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात मी अजून गेलेलो नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण मंगळवार आणि शनिवार आईचे आहेत, उरलेल्या दिवसांत नोकरी आहे. कायद्याने दोन वर्षांची मुदत मिळते, म्हणजे माझ्याकडे २०२७च्या जूनपर्यंत वेळ आहे. गाळासकट तो फिल्टर मी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून, बिलांच्या फाइलशेजारी कपाटात ठेवलाय. पांढरे आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून त्यावर पारदर्शक टेप लावलीय.