गुलाबावरील लाल कोळ्यासाठी सुगंधी तेलांचे औषध : वर्षभर वापरल्यानंतर

दिंडोरी तालुक्यात आमचे वीस गुंठ्यांचे गुलाबाचे पॉलिहाऊस आहे आणि त्याला लागून दीड एकर द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी सरला की नाशिकची हवा कोरडी होते, पॉलिहाऊसमधील तापमान चढते आणि वाकवून ठेवलेल्या खालच्या फांद्यांच्या दाटीत, म्हणजे आम्ही ज्याला बेंडिंग म्हणतो तेथे, लाल कोळी वाढू लागतो. पाने वरून ठिपक्याठिपक्यांनी फिकट पडतात आणि उलटून पाहिले की बारीक जाळी दिसते. ही कीड औषधांना फार लवकर सरावते. एकच कोळीनाशक दोन हंगाम चालले तरी आम्ही समाधान मानतो. म्हणून गेल्या वर्षी एका कृषी सेवा केंद्रातून रोझमेरी, लवंग आणि पुदिना या तेलांचे मिश्रण असलेले एक लिटर औषध आणले. त्याची किंमत १,२०० रुपये पडली.

दुकानदाराने ते ‘निंबोळी तेलासारखेच’ असे सांगून दिले, ते बरोबर नव्हते. निंबोळी तेल बिया दाबून काढलेले स्थिर तेल असते आणि त्यातील अझाडिरॅक्टीन किडीची भूक व कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे त्याचा परिणाम सावकाश दिसतो. ही सुगंधी तेले मात्र बहुतेक वाफेच्या साहाय्याने काढलेली, हवेत उडून जाणारी असतात. लवंगेतील युजेनॉल किंवा ओव्यातील थायमॉल यांसारखे घटक किडीच्या मज्जासंस्थेवर थेट आघात करतात. युजेनॉलसारखे काही घटक ऑक्टोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या कामात अडथळा आणतात, असे आढळले आहे. किडींच्या शरीरात हे रसायन महत्त्वाचे असते, तर माणसाच्या शरीरात त्याला तसे स्थान नाही. कोळीवर्गीय किडींवर अशा घटकांचा वापर नवा नाही. मधमाश्यांच्या पेट्यांतील व्हरोआ कोळ्यासाठी थायमॉल अनेक देशांत वापरले जाते.

औषध पाण्यात कसे मिसळते, हे मी आधी काचेच्या ग्लासात पाहिले आणि प्रत्येकाने तसे पाहावे असा माझा आग्रह आहे. शेततळ्याच्या पाण्यात ते दुधासारखे एकजीव झाले आणि अर्ध्या तासानंतरही तसेच राहिले, पण आमच्या बोअरच्या जड पाण्यात थोड्याच वेळात वर तेलाचा तवंग आला. असा तवंग असलेले द्रावण पंपात गेले तर सुरुवातीला निव्वळ पाणी आणि शेवटी जाळणारे तेल फवारले जाते.

पहिल्या फवारणीत चूक माझीच झाली. सकाळी अकराच्या सुमारास, ऊन तापलेले असताना, लिटरला तीन मिली या प्रमाणात फवारले आणि दुसऱ्या दिवशी कोवळ्या फुटीच्या पानांच्या कडा करपल्या. कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्यांवरही डाग आले, त्यामुळे त्या आठवड्यातील बरेच बंच दुय्यम भावाने गेले. त्यानंतर प्रमाण दोन मिलीवर आणले, फवारणी सूर्य कलल्यावर फुलांची काढणी संपवून केली आणि भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक वापरल्यापासून दोन आठवडे तरी हे औषध दूर ठेवले, कारण तेल आणि गंधक पाठोपाठ आल्यास पाने भाजतात. ही पथ्ये पाळल्यावर पुन्हा करपा दिसला नाही.

आता परिणामाविषयी. नोझल खालून वर धरून पानांची मागची बाजू पूर्ण भिजवली, तेथे दुसऱ्या दिवशी भिंगाखाली चालते-फिरते कोळी जवळजवळ दिसेनासे झाले. जेथे बेंडिंगच्या आतल्या पानांपर्यंत फवारा पोचला नाही, तेथे ते जसेच्या तसे होते. शिवाय अंडी शाबूत राहिली होती. उन्हाळ्यात लाल कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि या औषधाचा अंश पानावर टिकत नाही, त्यामुळे एका फवारणीवर थांबलो असतो तर आठवड्याने पुन्हा तेच चित्र दिसले असते. चार-चार दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या केल्या तेव्हा जाळी आटोक्यात आली. मजुरी धरली तर हा खर्च नेहमीच्या कोळीनाशकापेक्षा जास्त झाला, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र मार्च ते मे या काळात मला रासायनिक कोळीनाशक एकदाच वापरावे लागले, त्याआधीच्या वर्षी चार वेळा वापरले होते. पुढच्या हंगामासाठी ते रासायनिक कोळीनाशक लागू राहावे यातच माझा मोठा फायदा आहे.

द्राक्षावर मात्र माझी निराशा झाली. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हापासून आमच्या भागात औषधाच्या उर्वरित अंशाची धास्ती प्रत्येकाच्या मनात आहे आणि म्हणूनच अंश न ठेवणारे औषध कोणालाही मोहात पाडते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना फुलकिड्यांसाठी मी ते दोन वेळा मारले. उघड्या बागेत वाऱ्याने वास तासाभरात विरला, फुलकिडे फुलोऱ्याच्या आत लपलेले राहिले आणि त्यांची अंडी तर पेशींच्या आतच असतात. तिसऱ्या दिवशी फुटीखाली पांढरा कागद धरून झटकले तेव्हा त्यांची संख्या पहिल्याइतकीच भरली. मणी वाढू लागल्यावर तेल मारण्याचे धाडस मी केले नाही, कारण मण्यांवरील पांढरट मेणचट थर पुसला गेला तर निर्यातीच्या मालाची किंमतच जाते.

माझी सर्वांत गंभीर तक्रार लेबलविषयी आहे. बाटलीवर तिन्ही तेलांची नावे आहेत, पण कोणते किती टक्के आहे याचा उल्लेख नाही आणि नोंदणी क्रमांकही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कीडनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची नोंदणी आवश्यक असते. अमेरिकेने १९९६ साली लवंग, रोझमेरी, पुदिना अशा काही तेलांना कमी जोखमीचे मानून नोंदणीतून सूट दिली, परंतु तेथेही प्रत्येक सक्रिय घटकाचे नाव आणि प्रमाण लेबलवर छापण्याची अट ठेवली. दिवाळीच्या सुमारास आणलेल्या दुसऱ्या बाटलीचा लवंगेचा वास पहिलीपेक्षा स्पष्टपणे कमी होता. टक्केवारीच छापलेली नसेल, तर शेतकऱ्याने तक्रार कशाच्या आधारे करायची? ‘पूर्णपणे सुरक्षित’ हे शब्द तर लेबलवरून काढलेच पाहिजेत. हे औषध डोळ्यांना झोंबते, थेट अंगावर पडल्यास मधमाश्यांना आणि लाल कोळी खाणाऱ्या मित्रकोळ्यांनाही मारते. त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि संध्याकाळची वेळ याला पर्याय नाही.

एवढे असूनही यंदाच्या उन्हाळ्यासाठी पॉलिहाऊसपुरते दोन लिटर औषध मी मागवले आहे. त्याचे मुख्य कारण आमच्याकडे फुले काढायला येणाऱ्या सात महिला आहेत. पूर्वी कोळीनाशक मारल्यावर दुसऱ्या दिवशीची काढणी आम्ही उशिरा सुरू करायचो, तरी त्यांच्यापैकी दोघींचे डोके दुखायचे. गेल्या उन्हाळ्यात या तेलाच्या फवारणीनंतर पडदे उघडे ठेवले की पहाटेपर्यंत लवंगेचा पुसटसा वास उरायचा, काढणी साडेसहालाच सुरू व्हायची आणि डोकेदुखीची तक्रार एकदाही आली नाही.