दारू सुटली, आता जगणं कशाने मोजायचं?

व्यसनमुक्ती केंद्रात पाठपुराव्याला आलेल्या माणसाला आपण आधी विचारतो, ‘किती दिवस झाले?’ दिवस मोजणं सोपं. पण गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी बघा. नेहमीच्या उपचारांना थोड्या बैठकांच्या समुपदेशनाची जोड दिली, तेव्हा तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर आलेले पुरुष ३६ टक्के निघाले. जोड नव्हती तिथे २६ टक्के. रोजच्या व्यवहारातल्या अडचणींच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणून जगणं वेगळं मोजायला हवं, आणि केंद्रात कुठली प्रश्नावली आणायची हे ठरवायला हवं.

सगळ्यात झटपट होते ती ‘ईक्यू-५डी’. चालणं-फिरणं, अंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं आणि चिंता-उदासी असे पाच प्रश्न, शिवाय शून्य ते शंभरची एक पट्टी. विचारायचं फक्त आजच्या दिवसाचं. एक रिक्षावाले दादा, दोन महिने कोरडे. पाचांपैकी चार ठिकाणी त्यांनी ‘काही अडचण नाही’वर खूण केली, कागद परत दिला आणि दारात थांबून विचारलं, “मॅडम, ती माहेराहून कधी येईल हो?” त्या कागदावर या प्रश्नाला जागाच नव्हती. उपचारांच्या खर्चाचा हिशेब शासनाला किंवा देणगीदाराला द्यायचा असेल तर मात्र हीच घ्या. भारतीय लोकांच्या पसंतीवरून काढलेले तिचे गुणांक, म्हणजे तब्येतीची कुठली अवस्था किती मोलाची याचे आकडे, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

‘एसएफ-३६’ मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते. आठ विभाग आहेत, त्यातले उत्साहाचे आणि मनःस्थितीचे आपल्या कामाचे. पण घरभाडं, पैसा यांचं नाव नाही, आणि मूळ इंग्रजीत मध्यम श्रमाचं उदाहरण म्हणून चक्क गोल्फ!

खास दारूसाठी बनवलेली ‘अल्कोहोल क्वालिटी ऑफ लाइफ स्केल’ फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या रुग्णांशी बोलून तयार झाली. ३४ प्रश्न. झोप, स्वतःवरचा ताबा, स्वतःबद्दलचा आदर हे सगळं त्यात थेट येतं, आणि उपचारांच्या सुरुवातीला याच गोष्टी माणसाला पोखरत असतात. अडचण पुढे येते. दारूने आयुष्यावर काय परिणाम केला हे ती विचारते. वर्षभर न प्यालेल्या माणसाचं आजचं दुखणं कदाचित कर्जाचं असेल. संशोधन करणार असाल तर हिच्या जोडीला एक सर्वसाधारण प्रश्नावली ठेवा, आणि घरच्या घरी भाषांतर करून वापरू नका.

रोजच्या पाठपुराव्यासाठी माझं मत जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या ‘हूकॉल-ब्रेफ’ला. मागच्या दोन आठवड्यांत शरीर, मन, नाती आणि परिसर कसे होते ते ती विचारते. परिसरात पैसा, घर, दवाखान्याची सोय, प्रवास हे सगळं येतं. आमच्याकडे येणाऱ्यांची सुधारणा अनेकदा याच भागात अडलेली असते. चारही भागांचे गुण वेगळे ठेवा, बेरीज करून एकच आकडा काढू नका.

तिच्यातही खाचखळगे आहेत. रोजचं जगणं चालवायला औषधोपचारांची किती गरज भासते, असा एक प्रश्न आहे; जितकी गरज जास्त, तितके गुण कमी. दारूपासून दूर राहण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी न चुकता घेणारा माणूस तिथे प्रामाणिकपणे ‘खूप’ म्हणतो आणि त्याचेच गुण घसरतात. आकडा खाली दिसला की आधी हा प्रश्न उघडून बघा. पहिली प्रश्नावली हात थरथरत असताना भरून घेऊ नका. त्या तळापासून मोजलं तर नंतरची कुठलीही स्थिती चमत्कारच वाटेल. विड्रॉवल, म्हणजे दारू थांबवल्यावर होणारा त्रास, ओसरला की भरा, मग तीन आणि सहा महिन्यांनी.

नात्यांच्या भागात प्रश्न तीनच, त्यातला एक लैंगिक समाधानाचा. बायको शेजारी बसलेली असेल तर पुरुष हमखास मधल्या खान्यावर खूण करतो किंवा जागा कोरीच सोडतो. एक कोरी राहिली तर उरलेल्या दोनांवर गुण काढता येतात, दोन राहिल्या तर तो भागच बाद. म्हणून कागद हातात देण्याआधी वहिनींना बाहेर चहाला पाठवा.