अंगणवाडीतलं बाल विकास केंद्र, सोलापूर पूर्व भाग: आमचा अनुभव

घरात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं लेकरू असेल आणि ते वाळत चाललंय असं वाटत असेल तर पावडरच्या डब्याला पैसे घालायच्या आधी आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत जा, हे सांगायलाच हा रिव्ह्यू लिहितेय. फुकट आहे म्हणून कमी दर्जाचं असणार असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. काही गोष्टी खरंच खराब आहेत, त्या पण खाली लिहिल्यात.

केस माझ्या बहिणीच्या मुलीची. तेव्हा १६ महिन्यांची होती. बहीण घरी विड्या वळते, दाजी टॉवेलच्या कारखान्यात, म्हणजे पूर्व भागात निम्म्या घरांत असतं तसंच घर. पावसाळ्यात पोरीला लागोपाठ जुलाब झाले आणि तिथून ती उतरतच गेली, दंडाची कातडी लोंबायला लागली, खेळणं बंद, नुसतं कडेवर बसून किरकिर. बहीण रोज फोनवर तेच सांगायची, "काहीच खाईना गेलीय बघ." सासूबाईंचं म्हणणं, आमच्याकडं सगळ्यांची अंगकाठी बारीकच आहे, दात येतायत, भरेल आपोआप. एका खाजगी दवाखान्यात भुकेचं सिरप आणि पावडरचा डबा लिहून दिला, वजन-उंची तक्त्यावर कुणी बघितलंच नाही. डबा महाग, तो पुरवायचा म्हणून दोन चमच्याच्या जागी अर्धा चमचा पाण्यात कालवून द्यायचे, त्यातून काय होणार.

मग अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. बोलावलं नव्हतं, त्यांची गृहभेट होती. पिशवीतून एक कागदासारखी पट्टी काढली, लाल-पिवळी-हिरवी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण केली, पट्टी गुंडाळली, ना घट्ट ना सैल, आणि पट्टीवरच्या छोट्या खिडकीतनं आकडा वाचला, ११.२ सेंटीमीटर. लाल. ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा, एवढं साधं आहे ते. नंतर दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरला, खड्डा राहतो का बघायला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत कपडे काढून वजन, फळीवर आडवं झोपवून लांबी (दोन वर्षांखालचं लेकरू झोपवूनच मोजतात, उभं नाही). वजन ६.४ किलो, लांबी ७४ सेंटीमीटर. तक्त्यावर सरळ सॅम आली. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, त्याच्या अलीकडचं मॅम, मध्यम. सेविका, आशाताई सगळ्या हेच शब्द वापरतात, तेव्हा बिचकू नका.

हे सगळं व्हायला किती वेळ लागला असेल, पट्टीला तर मिनिटभर. इतके दिवस कुणीच ते केलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. बहिणीला वाटलं आता ॲडमिट करायला लावणार, आणि ॲडमिट म्हणजे तिची मजुरी बुडाली, कारण हजारावर पैसे मिळतात, हात थांबला की पैसा थांबला, वर मोठ्या पोराला कोण बघणार. ताईंनी सांगितलं आधी भूक बघू. शेंगदाण्याच्या तयार पेस्टचं पाकीट असतं, उपचाराचं, ते फोडून बहिणीच्या हातात दिलं, लेकराला मांडीवर घेऊन शांत बसा, जबरदस्ती करायची नाही, मधे मधे पाणी द्या. पहिले काही मिनिटं पोरीनं तोंड फिरवलं, मग बोटाला लागलेलं चाटलं, मग स्वतःच पाकीट ओढायला लागली. ताप नाही, धाप नाही, सूज नाही, उलट्या नाहीत आणि भूक आहे, म्हणजे दवाखान्यात ठेवायची गरज नाही, इथंच उपचार. डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि केंद्रात नाव लागलं. खेड्यात ह्यालाच व्हीसीडीसी म्हणतात, ग्राम बाल विकास केंद्र.

मी नंतर ह्याबद्दल बरंच वाचलं. पूर्वी जगभर असं लेकरू सापडलं की भरतीच करायचे, वॉर्ड भरून जायचे, आया घर सोडून येऊ शकत नव्हत्या, आल्या तरी मधेच पळून जायच्या. अशी शेंगदाण्याची तयार पेस्ट १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये बनवली, मग २००० साली इथिओपियात दुष्काळात लेकरांना घरीच ठेवून ती देऊन बघितली आणि जमलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी एकत्र सांगितलं की गुंतागुंत नसलेल्या लेकरांचा उपचार वस्तीतच करा. दहातल्या आठ-नऊ लेकरांना ॲडमिट करायची गरजच पडत नाही म्हणतात. आपल्या राज्यात कुपोषण कमी करायला राजमाता जिजाऊ मिशन २००५ लाच सुरू झालं होतं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं वजनात कमी निघाली, म्हणजे चारातलं एक, आणि १०.९ टक्के तीव्र. हे वाचून मला झोप लागली नव्हती खरं सांगते, कारण आमच्या पोरीसारखी किती असतील आणि घरचे अंगकाठी म्हणून सोडून देत असतील.

पाकिटाबद्दल. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार असं मिश्रण असतं, पातळ पेस्ट. आंतरराष्ट्रीय जे पाकीट आहे ते ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरीचं. आपल्याकडं ईडीएनएफ नावानं येतं, म्हणजे थोड्यात जास्त ताकदीचा पोषक आहार. चव गोड शेंगदाण्याच्या लाडवासारखी, मी खाऊन बघितली. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, आणि हे पाणी न घालणं फार महत्त्वाचं आहे कारण पाण्यातूनच जंतू जातात आणि परत जुलाब. पाणी वेगळं पाजायचं, उकळून गार केलेलं. आईचं दूध आधी, मग पाकीट.

ताईंची एक गोष्ट मला फार आवडली. बहिणीच्या मांडीवर विड्या वळायचं सूप, बोटं तंबाखूनं पिवळी, आणि त्याच हातानं ती पाकीट फोडायला गेली. ताई ओरडल्या नाहीत. उठल्या, साबण घेऊन आल्या, बहिणीच्या हातावर स्वतः पाणी घातलं, पोरीचे पण हात धुतले आणि म्हणाल्या, "सूप बाजूला ठेवा वैनी, खाऊ घालायच्या टायमाला तंबाखू जवळ नको, अंगावरची ओढणी पण झटका." त्या दिवसापासून सूप आतल्या खोलीत आणि पोरगी बाहेरच्या खोलीत. शेजारच्या तेलगू आजीला हेच सगळं त्यांनी तेलगूत समजावलं. पोस्टर लावून हे होत नाही.

रिझल्ट. पहिल्या आठवड्यात वजन जेमतेम हललं, घरात कुरकूर सुरू. दुसऱ्या आठवड्यापासून चढायला लागलं. दर आठवड्याला वजन आणि दंड, कार्डावर लिहून हातात. दोन महिन्यांनी ७.४ किलो, दंड पिवळ्यात. त्यानंतर हिरव्यात यायला अजून वेळ लागला, मधे एकदा सर्दी-तापात परत थोडं उतरलं होतं. पण वजनाच्या आधी दिसलं ते तिचं वागणं, हसायला लागली, भावाच्या मागं रांगत जायला लागली.

आता तक्रारी, आणि ह्या लहान नाहीत.

एक म्हणजे पाकिटं मधेच संपली. माल वरून आला नाही एवढंच उत्तर. उपचार चालू असताना असा खंड पडणं म्हणजे गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडल्यासारखं आहे, ह्याला काही माफी नाही. त्या दिवसांत ताईंनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून अंडी-केळी आणली, ते त्यांचं मोठेपण, पण यंत्रणेनं ते गृहीत धरू नये.

दुसरं, घरात वाटणी. मोठा भाऊ चार वर्षांचा, गोड वास आला की मागणारच, आणि कुठली आई एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणेल. ताईंनी ह्यावर पाकीट शक्यतो अंगणवाडीतच बसून खायला घालायचं असं ठरवलं आणि भावाला तिथला गरम आहार. ज्या घराला अंगणवाडी लांब आहे तिथं काय करायचं माहीत नाही. पाकीट हे औषध आहे, खाऊ नाही, एवढं तरी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायला पाहिजे, आईला एकटीला सांगून उपयोग नाही, पाकीट वाटणारी बऱ्याचदा सासू असते.

तिसरं, खोली. भाड्याची, एक खिडकी, मार्च-एप्रिलचं सोलापूरचं ऊन पत्र्यावर, आणि आत लेकरांना बसवून खाऊ घालायचं. पंखा पाहिजे हो, एवढं तरी.

आणि ताईंचं काम. वजन, पट्टी, गृहभेट, लसीकरणाला माणसं बोलावणं, सर्वे, रजिस्टर, वर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये सगळं परत भरायचं, नेट नसलं की रात्री घरी बसून. ह्याला पगार नाही म्हणायचं, मानधन म्हणायचं. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर सेविका-मदतनीस संपावर गेल्या होत्या तेव्हा लोक म्हणत होते लेकरांचे हाल चाललेत, तर बाबांनो लेकरांचं सगळं ह्यांच्यावरच आहे हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ह्यांना नीट पगार द्या, उपचार आपोआप सुधारेल असं माझं ठाम मत आहे.

काही लोक म्हणतात पाकिटं कशाला, घरचं अन्न द्या. घरच्या अन्नाच्या बाजूनं मी पण आहे. पण सॅम लेकराचं पोट एवढंसं, त्याला थोड्यात जास्त ताकद पाहिजे, त्या काही आठवड्यांपुरतं पाकीट हे औषध आहे. नंतर मात्र घरचंच. बहिणीला ताईंनी सांगितलेलं: ज्वारीची भाकरी दुधात मऊ कुस्करून, घट्ट वरणात चमचाभर तेल, उकडलेलं अंडं, केळं, आणि शेंगदाण्याचा कूट बारीक करून, तिखट न घालता. शेंगा आपल्याकडं कुठल्या घरात नाहीत, चटणीला काढायच्या आधी लेकरासाठी मूठभर बाजूला काढायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. वरणाचं नुसतं पाणी पाजू नका, त्यात काही नसतं.

दवाखान्यात कधी न्यायचं हे पण लिहिते कारण सगळं अंगणवाडीत होत नाही. दोन्ही पावलांवर सूज, खूप ताप किंवा अंग गार पडणं, जोरात श्वास, सारख्या उलट्या-जुलाब, सुस्त पडणं, झटके, किंवा पाकीट तोंडातच न घेणं, आणि सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर थांबायचंच नाही, सरळ पोषण पुनर्वसन केंद्र. आमच्याच केंद्रात एक लेकरू आलं होतं, गाल गुबगुबीत, आई म्हणाली हे तर चांगलं आहे, मोठ्याला बघा. ताईंनी पावलावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. सूज होती ती, वजनकाट्यावर कळलीच नसती. त्याच दिवशी आशाताई रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं आधी पातळ विशेष दूध, मग हळूहळू जास्त ताकदीचं, असं करतात, एकदम खायला घातलं तर अशा लेकराला उलटं धोक्याचं असतं. आईची मजुरी बुडते त्याची भरपाई मिळते तिथं, मागून घ्या.

मार्क द्यायचे तर ताईंना पाचपैकी पाच, पट्टी-वजन-तपासणीला पाच, पाकिटांच्या पुरवठ्याला दोन, खोलीला एक, आणि बरं झाल्यावर पुढं लक्ष ठेवण्याला तीन, कारण नाव कमी झालं की गृहभेटी विरळ होतात आणि पावसाळ्यात परत उतरायची भीती असते. आम्ही आता महिन्याला एकदा स्वतः जाऊन दंड मोजून घेतो.

जाताना माता-बाल कार्ड न्या, सकाळीच जा, लेकराला फार खाऊ घालून नेऊ नका म्हणजे भूक नीट बघता येते. वजन केलं की आकडा स्वतः विचारून कार्डावर लिहून घ्या, नुसतं "ठीक आहे" वर परत येऊ नका.