हस्तिदंती मुठीचा रॉजर्स घेण्याआधी हे वाचा

गेल्या चैत्रात जुन्या चाकूच्या व्यवहारात माझे साडेनऊ हजार रुपये गेले. तोच माणूस अजून तोच चाकू विकतोय, हे परवा माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. खिशात रोज मिटता चाकू बाळगणारे, जुने चाकू जमवणारे आपल्याकडे थोडेच आहेत, आणि नेमके तेच त्याचं गिऱ्हाईक आहेत.

माझ्या आजोबांकडे इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू होता. आजोबा कुळकर्णीपणाची दप्तरं लिहिणाऱ्या घरातले. लहानपणी ते त्या चाकूने बोरू तासायचे, पुढे पेन्सिली, आणि उन्हाळ्यात आम्हा नातवंडांना कैरीच्या फोडी करून द्यायचे. कैरीच्या आंबटाने पातं काळं-निळं पडलेलं असायचं. मग ते धोतराच्या सोग्याला पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून मिटायचे. मिटताना जो ‘टक्‌’ असा आवाज यायचा, तो मला अजून ऐकू येतो. २००९ मध्ये वाड्यातून फ्लॅटमध्ये येताना तो चाकू हरवला. तेव्हापासून मी तसाच शोधत होतो.

ही सगळी हकीगत मी चाकूंच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिली. रोज खिशात काय असतं याचे फोटो आम्ही तिथे टाकतो. कुणाचा स्विस, कुणाच्या वडिलांचा जुना पेनचाकू, माझा ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा, कार्बन पोलादाच्या पात्याचा ८ नंबरचा चाकू. मी लिहिलं की मूठ पांढरी होती, पाती दोन होती, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी मुकुट कोरलेला होता. तिसऱ्या दिवशी मला खासगी मेसेज आला. एका जुन्या संस्थानिकाच्या घरातला माल निघालाय, त्यात जोसेफ रॉजर्सचा चाकू आहे, मूठ हस्तिदंती, पाती दोन, बुडाशी मुकुट. मला हवं होतं तेच, जसंच्या तसं. त्याला वर्णन मीच पुरवलं होतं, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

फोटो अस्सल चाकूचे होते, हे मी आजही म्हणेन. पात्याच्या बुडाशी व्ही आणि आर, मधे मुकुट, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १९०१ च्या आधीचा. शेजारी चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची खूण. मुठीला डाव्या कडेने केसाएवढी चीर गेलेली, शंभर वर्षांच्या हस्तिदंताला जाते तशी. मी म्हटलं, आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून एक फोटो पाठवा. तो म्हणाला, “साहेब, माल लॉकरमध्ये आहे, आणि दुसरे एक गृहस्थ संध्याकाळी पैसे टाकतायत. तुमच्या आजोबांची गोष्ट वाचली म्हणून तुम्हाला आधी विचारलं.” आजोबांचं नाव निघाल्यावर मी विरघळलो. यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवली.

पाच दिवसांनी कुरियर आलं. पार्सल उघडून चाकू हातात घेतला तेव्हा बरा वाटला. वजन होतं, शिक्का होता. पातं मात्र लखलखीत. विचारलं तर म्हणाला, तुमच्यासाठी पॉलिश करून पाठवलंय. त्यावरही मी विश्वास ठेवला.

त्या रविवारी घरात कैऱ्या आल्या होत्या. मी मुद्दाम नव्या चाकूने फोडी करायला बसलो. अर्धी कैरी त्याने कापली. तो आवाज ऐकायला मिटून पाहिला, तर ‘टक्‌’ नाहीच, पातं भुसभुशीत जागी रुतल्यासारखं आत गेलं. आतल्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जोरच नव्हता. म्हणून उरलेली कैरी माझ्या ओपिनेलने कापली आणि दोन्ही चाकू तसेच न पुसता ताटलीत ठेवले. तिखट-मीठ लावून फोडी खाऊन होईपर्यंत ओपिनेलच्या पात्यावर निळसर करडे ढग उमटले होते. व्हिक्टोरियाच्या काळचं म्हणवणारं पातं आरशासारखं चकचकीत. रात्रभर ठेवलं, सकाळीही तसंच.

यात काय कळतं ते नीट सांगतो. जुनं पातं कार्बन पोलादाचं असतं. कैरी, लिंबू, चिंच लागली की ते काळवंडतंच, कितीही पॉलिश करा. न काळवंडणारं स्टेनलेस पोलाद हॅरी ब्रिअरलीने शेफील्डमध्ये केलं ते १९१३ मध्ये, आणि राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ मध्ये. तिच्या नावाचा शिक्का आणि स्टेनलेसचं पातं एकाच चाकूवर असूच शकत नाही. भिंग घेऊन बसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. शिक्क्याची अक्षरं ठोकलेली नव्हती, वरवर जाळून काढल्यासारखी उथळ होती. जुना शिक्का पातं कडक करण्याआधी ठोकलेला असतो, नखाला खोल लागतो. मुठीत सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे होते आणि कडेने साच्याची रेघ. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, हाडावर काळे ठिपके. इथे दोन्ही नव्हतं, नुसतं प्लॅस्टिक. आणि फोटोतली ती चीर? ती या मुठीवर नव्हतीच. पहिल्याच दिवशी फोटो शेजारी धरून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

मी त्याला फोन केला, पैसे परत मागितले. त्यावर तो जे बोलला ते मला सगळ्यात जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, “तक्रार करा ना. काय सांगाल, हस्तिदंत विकत घेतला म्हणून? फॉरेस्टवाले आधी तुमच्या घरी येतील.”

मी घाबरलो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ ला दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, १९९१ पासून आफ्रिकन हस्तिदंतही त्यात आला. वस्तू जुनी आहे म्हणून विकायला मोकळीक मिळत नाही. हे मला अर्धवट ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी ‘हस्तिदंती’ म्हणून घ्यायला तयार झालो होतो. ही माझी चूक, ती मी झाकणार नाही. पण त्याचा डाव मला तेव्हा उमगला. हस्तिदंत या शब्दाने तो दोन कामं करतो. आधी भाव चढवतो, आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड बंद करतो. वस्तू प्लॅस्टिकची, भीती मात्र खरी.

त्या भीतीत माझे अकरा दिवस गेले. बायकोलाही सांगितलं नाही. शेवटी तिनेच विचारलं की जेवताना लक्ष कुठे असतं तुमचं. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, चला, वकिलांना विचारू. वकिलांनी चाकू बघितला आणि म्हणाले, मूठ प्लॅस्टिकची आहे, तुम्ही कसले अडकताय? त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, सगळे मेसेज, फोटो, व्यवहाराचा क्रमांक दिला. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण त्या खात्यात तोवर काही उरलं नव्हतं. तिथल्या हवालदारांनी सांगितलं की पहिल्या काही तासांत फोन आला तर पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. माझे अकरा दिवस त्याला पुरेसे होते.

जुना चाकू घेणार असाल तर समक्ष बघा, आणि खिशात एक लिंबू न्या. विकणाऱ्याने पात्याला लिंबू लावू दिलं नाही तर तिथून उठा. आणि हस्तिदंती म्हणून कुणी सांगत असेल तर तो खरा असला तरी घेऊ नका.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर नव्या नावाने, नव्या नंबरवरून एक रॉजर्स विक्रीला आलाय. या वेळी म्हणे कोकणातल्या एका खोताच्या घरातला. मी फोटो मोठा करून पाहिला. मुठीच्या डाव्या कडेला तीच केसाएवढी चीर आहे, मधल्या पितळी खिळ्यापासून निघून खाली वळलेली. तो स्क्रीनशॉट मी माझ्या तक्रारीला जोडलाय. तुम्हाला तशी चीर असलेला फोटो कुणी पाठवला तर पैसे टाकू नका, आणि माझ्यासाठी तो नंबर तेवढा जपून ठेवा.