शुगरलोफ चढायचाय, पण ग्रेट की लिटल?

डब्लिनला भारतातून कुणी आलं की हा प्रश्न येतोच, विकलोला (डब्लिनच्या दक्षिणेची डोंगराळ काउंटी) न्यायचंय तर ग्रेट शुगरलोफ की लिटल? हे दोन्ही डोंगर बऱ्याचदा केलेत म्हणून लिहितोय.

उंची ग्रेटची 501 मीटर, लिटलची 342. पण त्यावर जाऊ नका हां, कारण ग्रेटला बहुतेक जण कॅलरी (Calary) नावाच्या भागाकडच्या कार पार्कपासून सुरुवात करतात आणि ते आधीच एवढं उंचावर आहे की चढ उरतो जेमतेम सव्वादोनशे मीटर, आणि लिटलला खाली किलमॅकॅनॉग गावातून निघालात तर तेवढाच होतो, कदाचित जास्तच. म्हणजे नाव लिटल असलं तरी दमायला होतंच.

फरक आहे तो वाटेत. ग्रेटला वाट चुकायची सोयच नाही, सरळ समोर सुळका दिसत असतो, तासाभरात परत खाली. पण शेवटचा टप्पा म्हणजे सुटे दगड, हात टेकत चढायचं, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांची उतरताना वाट लागते. वीकेंडला उशिरा गेलात तर पार्किंगचे वांधे आणि माथ्यावर सेल्फीची लाइन. (तो ज्वालामुखी वगैरे नाहीये बरं का, हे दोन्ही क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे, झिजले नाहीत म्हणून उभे राहिले. विकलोची मुख्य रांग ग्रॅनाइटची आहे.)

लिटल दोघांच्या मधून जाणाऱ्या हायवेच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला. माणसं फार कमी. वाट मातीची, पावसानंतर चिखल, मध्येच फाटे फुटतात आणि बाजूने गॉर्सची काटेरी झुडपं, शॉर्ट्स घालून गेलो होतो एकदा, पोटऱ्यांवर नुसते ओरखडे. वारा तिकडून असेल तर हायवेची घरघर पण ऐकू येते. वर पोचलात की मात्र एका बाजूला ब्रे हेडची टेकडी, ग्रेस्टोन्स गाव आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला ग्रेटचा अख्खा सुळका.

वेळ कमी असेल, पोरांना 'डोंगर सर केला' म्हणायचं असेल तर ग्रेट. आईबाबांना दगडांची भीती वाटत असेल, किंवा थर्मासमधला चहा शांतपणे प्यायचा असेल तर लिटल, दोनेक तास हाताशी ठेवा. मी तर आता लिटललाच जातो. डिसेंबरात जाणार असाल तर चारच्या सुमारास सूर्य मावळतो, जेवून निघू म्हणालात तर अंधारात उतरावं लागेल.